ताईच्या रक्तातलं दुसरं मीठ

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी लॅबवाल्या मावशीच्या वाटेला जायचं नाही, हे कॉलेजात शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एरवीही राग तिच्या नाकावरच असायचा, पण त्या दिवशी तो हातात उतरायचा. बरण्या ओट्यावर आपटल्या जायच्या, खणांची दारं धाडकन लागायची. काच मात्र एकही फुटायची नाही. मुलं पाठीमागे तिला ॲसिड मावशी म्हणत. ते तिच्या कानावर आलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. ॲसिडला माणसं निदान जपून हात लावतात, असं ती म्हणायची.

त्या वर्षी तिने वीस बशांत एकच पांढरं मीठ भरून ठेवलं होतं आणि ते कोणतं, हे विद्यार्थ्यांनी ओळखायचं होतं. मीठ होतं पोटॅशियम ब्रोमाइड. लॅबमध्ये मीठ म्हणजे फक्त जेवणातलं नव्हे. अशी पांढरी मिठं कपाटभर असतात आणि बशीत ठेवली की सख्खी भावंडं वाटतात. ओळखायची तर त्यांना बोलतं करावं लागतं. पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले की नळीच्या तळाशी साका बसतो. जेवणातलं मीठ, म्हणजे क्लोराइड असेल तर पांढराशुभ्र. ब्रोमाइड असेल तर किंचित पिवळट, जुन्या कागदासारखा. घाईतल्या डोळ्याला हा फरक दिसत नाही. म्हणून वर पातळ अमोनिया घालायचा. पांढरा साका त्यात विरघळून जातो, पिवळट हटून बसतो. तरीही शंका उरली तर क्लोरीनचं पाणी आणि थोडा क्लोरोफॉर्म घालून नळी हलवायची. ब्रोमाइड असेल तर खाली नारिंगी थर उतरतो आणि वाद मिटतो.

वीसपैकी नऊ जणांनी क्लोराइड लिहिलं.

परीक्षा संपल्यावर मावशी नळ्या विसळता विसळता विभागप्रमुखांना म्हणाली, "सर, नऊ जणांना डोळे नाहीत. पांढरं दिसलं की लिहून मोकळे. अमोनियाच्या बाटलीला कोणी हातसुद्धा लावला नाही, मी पातळी बघून ठेवली होती."

"मावशी, शिकवायचं काम आमचं," सर दमलेल्या आवाजात म्हणाले.

"तेच तर म्हणतेय," मावशी म्हणाली, आणि नळ सोडला.

ती शिकवणारी झाली असती. निदान तिच्या ताईने तसं ठरवलं होतं. वडील लवकर गेले तेव्हा ताई सोळा वर्षांची आणि ही नऊ. ताईने शाळा सोडली आणि एका शिवणकारखान्यात बाह्या जोडायला बसली. "एकीने शिकायचं तर एकीने बसायचं," एवढंच ती म्हणाली आणि पुढे तीस वर्षं बसली. मावशी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोहोचली. तिथे एका प्राध्यापकाने, तिने स्वतः केलेला प्रयोग तिने दुसऱ्याच्या वहीतून उतरवलाय, असं वर्गासमोर म्हटलं. तिने वही त्यांच्या टेबलावर फेकली. माफी मागायला सांगितलं, ती मागेना. ताईने हात जोडून विनवलं तरी मागेना, आणि शिक्षण तिथेच थांबलं. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात ती लॅब असिस्टंट म्हणून लागली. चौतीस वर्षं तिने तिथे द्रावणं बनवली, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आपल्याहून कमी जाणणाऱ्यांना वर चढताना पाहिलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "भांडायला कॉलेज आहे की. घरी कशाला आणखी एक?"

ताईचं मात्र लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला. आता ती मुलाच्या आणि सुनेच्या घरी राहत होती. मावशी दर महिन्याला एका रविवारी जायची. गेली दोनेक वर्षं ताईला रक्तदाब होता, तेव्हापासून मावशीचं एकच पालुपद होतं: मीठ बंद. कमी नाही, बंद. स्वयंपाकघरात जाऊन ती मिठाची बरणी फळीवरून उचलून सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवून यायची आणि भाच्याच्या बायकोला बजावायची, "हिच्या ताटात एक कण दिसला तर माझ्याशी गाठ आहे."

नळ्या वाळत घालतानाच भाच्याचा फोन आला. "मावशी, आईला हॉस्पिटलमध्ये आणलंय. पडली. आणि कोणाला ओळखत नाहीये."

ताई खाटेवर अर्धवट बसलेली होती. तोंडावर, हनुवटीवर लाल पुटकुळ्या उठलेल्या, बासष्टाव्या वर्षी वयात येणाऱ्या मुलीसारख्या. जीभ जड झालेली. हात थरथरत होते, आणि त्या थरथरत्या हातांनी ती चादरीची कड चिमटीत धरून पुढे पुढे सरकवत होती, जणू समोर मशीन आहे आणि बाही जोडायची राहिली आहे.

"ताई, मी आलेय."

ताईने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भिंतीवरून माणसं उतरतायत, त्यांना आधी खाली घे."

मावशीला रडू यायला हवं होतं. आला तो राग. असं कसं झालं, कधी झालं, कोणी होऊ दिलं? मागच्या महिन्यात ताई अडखळत बोलत होती तेव्हा भाचा म्हणाला होता, वय झालं. त्याआधी तिने मावशीला दोनदा दुसऱ्याच नावाने हाक मारली होती, तेव्हाही म्हणाला होता, वय झालं. आणि मावशीनेही ते ऐकून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सकाळच्या फेरीला आले. पस्तिशीचे असतील, गळ्यात स्टेथोस्कोप आणि चेहऱ्यावर घाई. म्हणाले, "मेंदूचा फोटो काढलाय. विशेष काही नाही, पण या वयात मेंदू झिजतो. म्हातारपणाचा विसर आहे हा. घरी सांभाळणं कठीण जाईल, वृद्धांच्या केंद्राची चौकशी करून ठेवा."

"झीज चौदा महिन्यांत होते का?" मावशीने विचारलं. "दीड वर्षापूर्वी ही शेजाऱ्यांचे पडदे शिवत होती."

"आपण काय करता?"

"कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये आहे."

"प्राध्यापक?"

"असिस्टंट."

डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, समजूत घालणारं हसले, आणि तेच तिला झोंबलं. "साठी बुद्धी नाठी म्हणतात ना, ते उगाच नाही," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काहीतरी फेकायचं म्हणून तिने खाटेच्या पायथ्याला अडकवलेली फाइल ओढली, आणि हातात आलीच आहे म्हणून वाचायला लागली. रक्ताचा रिपोर्ट होता. बहुतेक आकडे आपापल्या रेषेत होते. क्लोराइडसमोर मात्र चांदणी होती. एकशे त्रेचाळीस. बाजूला छापलेलं होतं की अठ्ठ्याण्णव ते एकशे सात असायला हवं. खाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, "यंत्रदोष? पुन्हा करा." त्या पहाटे काढलेला दुसरा रिपोर्ट त्याच्याच मागे होता. एकशे एक्केचाळीस. त्याच्यापुढे कोणी काहीच लिहिलं नव्हतं.

मावशीला डॉक्टरी येत नव्हती. पण एवढं तिला येत होतं की क्लोराइड एकटं फिरत नाही, त्याला जोडीला सोडियम लागतं. सोडियम तर जागच्या जागी होतं. मग एवढं क्लोराइड आलं कुठून? आणि ज्या बाईच्या ताटात दोन वर्षं मिठाचा कण नाही, तिच्या रक्तात?

ती खुर्चीवर बसली. काल नऊ जणांनी क्लोराइड लिहिलं होतं. पांढरं दिसलं, लिहून मोकळे. हे रक्त तपासणारं यंत्रही तेच करत असेल तर? क्लोराइडसारखं वागणारं दुसरंच काही समोर आलं, तर त्यालाही क्लोराइडच म्हणत असेल तर?

"हिला औषधं कोणती देता?" तिने भाच्याच्या बायकोला विचारलं.

तिने यादी सांगितली. रक्तदाबाची गोळी. कॅल्शियम. "आणि ते झोपेचं, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडचं. पण ते औषध नाही मावशी, झाडपाल्याचं आहे."

"घेऊन ये."

तपकिरी बाटली होती, दुकानाच्या मागच्या खोलीत भरलेली. चिठ्ठीवर पानाफुलांचं चित्र, नाव 'निद्रासुख', आणि खाली ठळक अक्षरांत: 'कोणतेही रसायन नाही.'

"रसायन नसलेली एक वस्तू दाखवा म्हणावं जगात," मावशी म्हणाली. "पाणी रसायन आहे. तोही रसायनच आहे, हलकट. किती देत होतात?"

"चौदा महिने झाले. आधी एक चमचा. मग त्या घाबरायला लागल्या, ओरडायला लागल्या, तेव्हा तो म्हणाला दोन द्या. नंतर सकाळ-दुपार-संध्याकाळ." ती थांबली. "दिल्यावर शांत व्हायच्या, मावशी."

"शांत? मेलेलं माणूसही शांत असतं," मावशी ओरडली. वॉर्डातली माणसं वळून पाहू लागली. "चमच्याचमच्याने विष पाजलंस तिला. शिकलेली ना तू?"

 भाच्याच्या बायकोने ताईच्या तोंडावरून घरंगळलेली लाळ पुसली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, पण लॅबची किल्ली मावशीच्या कमरेला असायची. भर दुपारी तिने लॅब उघडली, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि कामाला लागली.

औषध तपकिरी आणि साखरेने दाट होतं. त्यात थेट काही टाकलं तर रंग दिसणार नव्हता. म्हणून तिने चिनी मातीच्या तीन वाट्या घेतल्या. एकीत ते औषध. दुसरीत नुसता साखरेचा पाक. तिसरीत तसाच पाक, पण त्यात कपाटातलं चिमूटभर ब्रोमाइड. तिन्हींत थोडा सोडा घालून तिने त्या मंद आचेवर जाळत ठेवल्या. साखर फुगली, काळी पडली, करपट वास खोलीभर झाला. कोळशाची राख होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग राख पाण्यात कालवून, गाळून, नायट्रिक ॲसिडने सोडा मोडून तिने तीन स्वच्छ नळ्या भरल्या. तिन्ही पाण्यासारख्या नितळ.

रागाने हात थरथरतो म्हणतात. तिचा थरथरत नव्हता. राग जितका वाढला तितका हात स्थिर झाला. सिल्व्हर नायट्रेटचे चार चार थेंब. नुसत्या पाकाची नळी जेमतेम धुरकटली. तिने स्वतः ब्रोमाइड घातलेल्या नळीत पिवळट साका बसला. ताईच्या औषधाच्या नळीत बसला तो तिसऱ्या नळीपेक्षाही दाट होता. तिने अमोनिया घातला, बोटभर पातळ अमोनिया, आणि दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. साका हटला नाही.

मग तिने क्लोरीनचं पाणी ताजं बनवलं, कारण जुन्यावर तिचा भरवसा नव्हता. उरलेल्या द्रावणात ते थेंबाथेंबाने सोडलं, क्लोरोफॉर्म घातला, बूच लावून हलवलं. नळी स्टँडमध्ये ठेवून ती दोन पावलं मागे झाली. खाली नारिंगी थर उतरला. थोडं आणखी औषध जाळून तिने तारेच्या टोकावर ज्योतीत धरलं आणि निळ्या काचेतून पाहिलं. पोटॅशियमची जांभळट ज्योत होती.

पोटॅशियम ब्रोमाइड. परवा तिने वीस बशांत भरलं होतं तेच. आणि तिची ताई ते दिवसातून तीनदा पीत होती.

सोमवारी तिने विभागप्रमुखांना त्यांच्या खोलीतून उठवून नळीपाशी आणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "मावशी, कॉलेजच्या कागदावर औषधांचे निकाल देता येत नाहीत आपल्याला."

"कॉलेजचा कागद गेला खड्ड्यात. ही नळी बघा आणि काय आहे ते सांगा."

त्यांनी नळी उजेडात धरली. तिची वही वाचली. त्यात तिन्ही वाट्यांची वजनं होती, थेंबांची संख्या होती, वेळा होत्या.  वाचून झाल्यावर ते म्हणाले, "ब्रोमाइड आहे."

"लिहून द्या."

"देतो, साध्या कागदावर. पण बाटलीत आहे म्हणजे रक्तात आहे, असं यातून सिद्ध होत नाही. तेवढं लक्षात ठेवा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर ती आणखी चिडली. पण त्यांनी कागदावर सही केली, खाली पूर्ण नाव आणि पद लिहिलं, आणि तिच्या वहीच्या पानावर "प्रयोग योग्य रीतीने केलेला आहे" असं लिहून तिथेही सही केली. चौतीस वर्षांत तिच्या वहीवर पडलेली ती पहिली सही. मावशीने ती पाहिली, वही पिशवीत घातली आणि ती तडक निघाली.

डॉक्टर ओपीडीत होते. रांग होती. तिने रांगेत उभं राहून पाऊण तास काढला, कारण मधे घुसलं तर वेडी बाई म्हणून बाहेर काढतील हे तिला कळत होतं. आत गेल्यावर तिने टेबलावर बाटली ठेवली, नळी ठेवली, कागद ठेवला.

"ब्रोमाइड?" डॉक्टर म्हणाले. "हे आता कोणी देत नाही हो. पुस्तकात वाचलंय फक्त."

"कोणी देत नाही म्हणून तुम्ही शोधत नाही, आणि शोधत नाही म्हणून सापडत नाही. तुमच्या यंत्राने दोनदा ओरडून सांगितलं. एकदा तुम्ही त्याला बिघडलेलं म्हणालात, दुसऱ्यांदा काहीच म्हणाला नाहीत. माझ्या बहिणीला मात्र लगेच म्हातारी म्हणालात."

डॉक्टर लाल झाले.  मग त्यांनी फाइल मागवली आणि एकशे त्रेचाळीसवर बोट ठेवलं. हॉस्पिटलच्या लॅबला फोन लावला. पलीकडचा तंत्रज्ञ म्हणाला, हो, आमच्या यंत्राला ब्रोमाइड क्लोराइडसारखंच दिसतं, वेगळी तपासणी हवी तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. डॉक्टरांनी फोन ठेवला.

"पाठवतो," ते म्हणाले. "पण निकालाची वाट बघत नाही. सलाइन आत्ताच सुरू करतो. मिठाचं पाणी शरीरात गेलं की ब्रोमाइड बाहेर पडायला लागतं." मग त्यांनी मान वर केली. "एक सांगा, यांच्या जेवणात मीठ किती असायचं?"

भाच्याची बायको एवढा वेळ दारातच उभी होती. ती म्हणाली, "नसायचंच. मावशींनी बंद केलं होतं."

"म्हणूनच इतकं साठलं," डॉक्टर म्हणाले. ते कोणाला दोष देत नव्हते, कोडं सुटलेल्या माणसाच्या उत्साहात बोलत होते. "मूत्रपिंडाला क्लोराइड मिळालं नाही की ते जे मिळेल ते धरून ठेवतं. ब्रोमाइडलाच क्लोराइड समजून सोडत नाही. मीठ खाणारी बाई असती तर कदाचित निम्मंही साठलं नसतं."

मावशी उभीच होती. तिला फळीवरची ती बरणी दिसली, सर्वांत वरच्या कप्प्यात तिने स्वतः नेऊन ठेवलेली. दोन वर्षं दर महिन्याला जाऊन ती तपासून आली होती की कोणी ती खाली तर घेतली नाही.

बाहेर व्हरांड्यात दोघी बाकावर बसल्या. मावशीला माफी मागता येत नव्हती. ती विद्या तिला कॉलेजातही आली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "मी तुला त्या दिवशी बोलले. त्यातलं अर्धं माझंच होतं."

"अर्धं कोणाचं आणि किती, मला नाही कळत," भाच्याची बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण पहिल्यांदाच तो थंड होता. "मी रोज त्यांची चादर बदलत होते, मावशी. रोज. तुम्ही महिन्यातून एकदा यायचात, ओरडायचात आणि जायचात. त्या ओरडायला लागल्या की मला तुमचीच आठवण यायची. म्हणून मी चमचा वाढवायचे."

मावशीने ते ऐकून घेतलं.  आयुष्यात असं फार वेळा झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मोठ्या प्रयोगशाळेचा निकाल आला. रक्तात ब्रोमाइड होतं, भरपूर होतं. डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगितलं. "म्हातारपणाचा विसर हा शब्द मी फाइलमधून काढलाय," असंही म्हणाले. मावशीने मान हलवली. आभार मानले नाहीत.

आठवड्याने ताईच्या हाताची थरथर कमी झाली. भिंतीवरची माणसं एकेक करून निघून गेली. बाराव्या दिवशी मावशी नर्सशी सलाइनच्या वेळेवरून वाद घालत होती, तेव्हा मागून आवाज आला, "हळू बोल गं. तुझ्या ओरडण्याने डोकं उठतं माझं."

मावशी वळली. ताई तिच्याकडे पाहत होती, तिच्याचकडे.

बरं होणं म्हणजे मात्र सगळं परत मिळणं नव्हतं. चौदा महिन्यांतलं ताईला फारसं काही आठवत नव्हतं. या काळात घरात नात जन्मली होती. ताईने तिला मांडीवर घेतल्याचे फोटो होते. फोटोतल्या बाईकडे ती परक्यासारखी पाहत राहिली. आणि घरी गेल्यावर तिला कळलं की तिची शिवणाची मशीन मुलाने कोणाला तरी देऊन टाकली आहे. जागा अडत होती आणि आई आता काय शिवणार, असं त्याला वाटलं होतं.

जन्मात ज्या बाईने कोणाला सुनावलं नव्हतं, ती मुलासमोर उभी राहिली. "मी मेले होते का रे?" एवढंच म्हणाली. चार दिवस ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. पाचव्या दिवशी पिशवी भरून ती मावशीच्या दोन खोल्यांत राहायला आली आणि परत गेली नाही. सून दर आठवड्याला नातीला घेऊन येई. मुलगा मशीन शोधत फिरला, पण ती पुढे तिसऱ्याच कोणाकडे गेली होती.

मावशी औषधवाल्याकडे गेली ती ताई हॉस्पिटलमध्ये असतानाच. तिला वाटलं होतं तो घाबरेल, निदान ओरडेल. तो स्टूल पुढे करत म्हणाला, "बसा ना ताई. पाणी घेता? अहो, एकेकाळी मोठमोठे डॉक्टर हेच लिहून देत होते."

"मग चिठ्ठीवर लिहायचं होतंत. झाडपाला कशाला लिहिलात?"

"लोकांना तेच आवडतं. त्यांना झोप हवी असते, मी झोप देतो. कोणी तक्रार नाही केली आजवर."

"झोपलेली माणसं तक्रार कशी करतील?" मावशी म्हणाली. काउंटरची काच फोडावी असं तिच्या इतकं मनात आलं की तिने दोन्ही हात पाठीमागे धरले. मग ती बाहेर पडली आणि त्या गल्लीतल्या प्रत्येक दारावर गेली. कोणाकोणाकडे ही बाटली आहे? काहींनी दार लावून घेतलं. एक म्हातारी म्हणाली, "माझी झोप काय तुम्ही आणून देणार?" तरी अकरा बाटल्या गोळा झाल्या. एका घरात निवृत्त वॉचमन होता, चेहरा पुटकुळ्यांनी भरलेला, चाल झोकांड्या खाणारी. घरच्यांना वाटत होतं तो चोरून पितो, आणि त्यावरून त्याला मारहाणही झाली होती. बाटली बंद झाल्यावर महिन्याभरात तो सरळ चालू लागला. त्याच्या मुलाने नंतर मावशीला रस्त्यात गाठलं, पण नजर वर करू शकला नाही. मावशीने त्याला करूही दिली नाही.

औषध निरीक्षकाच्या कार्यालयात अर्ज तीन प्रतींत लागला. मग चौथी प्रत लागली. नमुना त्यांच्या माणसाने सील करून न्यायचा होता, त्याला यायला पाच आठवडे लागले, आणि तोवर मागच्या खोलीत नुसत्या रिकाम्या बाटल्या उरल्या होत्या. मावशीकडच्या अकरा बाटल्या सील नसल्यामुळे पुरावा होत नव्हत्या. ती त्या टेबलापाशी इतकं ओरडली की शिपायाने पाण्याचा पेला आणून ठेवला. शेवटी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी स्वतःहून लेखी जबाब दिला. रक्ताचे दोन्ही रिपोर्ट, आपली चूक आणि ती कोणी दाखवून दिली, सगळं त्यात होतं. त्या जबाबावर चौकशी लागली.

चौकशीला ताईला बोलावलं. अधिकारी कागद चाळत म्हणाले, "पण त्या काळात आपण शुद्धीवर नव्हतात. मग आपली साक्ष कशी धरायची?"

ताई त्यांच्याकडे पाहत शांतपणे म्हणाली, "शुद्ध नव्हती, तेच सांगायला आलेय. चौदा महिने माझे कोणी घेतले, ते यांना विचारा. मला नात कधी झाली ते आठवत नाही. हे लिहा."

त्यांनी लिहिलं. मावशी मागच्या बाकावर होती. तिला बोलायची परवानगी नव्हती आणि त्या दिवशी गरजही पडली नाही.

सात महिन्यांनी औषधवाल्याचा परवाना रद्द झाला आणि मागच्या खोलीला सील लागलं. दुकान तसंच राहिलं. औषधांच्या जागी त्याने साबण, तेलं, लहान मुलांची खेळणी मांडली. लोक जातात तिथे. माणूस गोड बोलतो.

मावशी कॉलेजला जाताना त्याच रस्त्याने जाते. पलीकडून जवळचा रस्ता आहे, पण ती तो घेत नाही. तो काउंटरमागून मान लववून नमस्कार करतो. ती थांबते, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहते, नमस्कार घेत नाही, आणि पुढे जाते. ताईने एकदा विचारलं, "किती दिवस हे करणार आहेस?"

"दुकान आहे तोवर," मावशी म्हणाली.